राईची राखण

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशीं पुण्यामुंबईच्या मंडईंत वडाच्या फांद्यांचे भारे येऊन पडतात, आणि पूजा आटोपली कीं त्याच फांद्या कचऱ्याच्या गाडींत जातात. ज्या वृक्षापाशीं जाऊन दीर्घायुष्य मागावयाचें त्याचाच हात तोडून घरीं आणावयाचा, यांतील विसंगति आमच्या वाचकभगिनींच्या ध्यानांत आली नसेल असें नाहीं. परंतु शहरांत वड दूर आणि वेळ थोडा, तेव्हां करणार काय, असें म्हणून आपण सारेच गप्प बसतों. आजऱ्यासारख्या लहान गांवीं ही अडचण नाहीं. येथें बायका वडापाशीं चालत जातात. तथापि एवढ्यावरून आम्ही आजरेकर वृक्षांचे मोठे कैवारी आहों असा समज कोणीं करून घेऊं नये. आमच्या गांवची एक राई आहे. ती आम्हीं जवळजवळ कशी घालवली होती आणि गेल्या कांहीं पावसाळ्यांत तिच्यासाठीं काय करूं लागलों आहों, तें सांगण्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

ज्यांनीं हा मुलूख पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं थोडेसें सांगतों. आजरा हें कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्याचें गांव. आंबोलीच्या डोंगरांत उगम पावलेली हिरण्यकेशी येथून पुढें गडहिंग्लजवरून कर्नाटकांत जाते व घटप्रभेस मिळते. गांवालगत रामतीर्थ आहे. तेथें नदी काळ्या खडकांवरून उड्या घेत उतरते आणि कांठच्या देवळांपाशीं महाशिवरात्रीस यात्रा भरते. संस्थानी काळीं हा महाल इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरींत होता. येथील घनसाळ तांदळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ज्यांच्या घरीं तो भात एकदां शिजला आहे त्यांस त्याच्या सुवासाविषयीं निराळें सांगावयास नकोच. पूर्वेस उसाचीं शेतें, पश्चिमेस चढत जाणारें दाट रान, आणि मध्यें आमचें हें गांव, आतां नगरपंचायतीचें, चारी बाजूंनीं वाढत चाललेलें.

आमची राई या वाढत्या गांवाच्या शिवेवर आहे. तिचें आणि तेथील देवतेचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. नांव छापलें कीं मोटारी येऊं लागतात, मोटारी आल्या कीं वाट रुंद करावी लागते, आणि मग राई पाहावयास आलेल्यांस पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं. राई मोठी नाहीं. पांचसात एकर भरेल. परंतु आंत शिरतांच बाहेरचें ऊन एकाएकीं मागें पडतें. अंजनी, जांभूळ, हिरडा, किंजळ, फणस, मधूनच एकादा भेरली माड. आणि ओढ्याच्या कडेला माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल, तिच्या हात-दीड हात लांबीच्या शेंगा लोंबत असलेल्या. ओढा चैत्रांतही पुरता आटत नाहीं. लहानपणीं आम्हांस या राईंत एकट्यानें जाण्याची बंदी होती आणि शिटी वाजवण्याची तर दुकट्यानेंही बंदी होती.

देवराई म्हणजे काय हें वाचकांस ठाऊक असेलच. रत्नागिरीकडे हिला देवरहाटी म्हणतात, कुर्गांत देवरकाडू, केरळांत कावू. गांवोगांव नियमांत थोडाफार फरक असतो. पण मूळ नियम एकच कीं, राई देवाची, तिच्यांतली काडीसुद्धां घरीं न्यावयाची नाहीं. हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रायांविषयीं मोठ्या आदरानें लिहिलें होतें. पुढें पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि त्यांच्यासमवेत माधव गाडगीळ यांनीं सह्याद्रींतील राया पायीं हिंडून पाहिल्या आणि १९७६ सालीं त्यांवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. आपले आजे-पणजे ज्याला भाबडेपणा म्हणून हंसत नव्हते आणि आपण मात्र हंसूं लागलों होतों, त्या चालीनें केवढा ठेवा राखून ठेवला आहे, हें सुशिक्षितांस त्या निबंधानें प्रथम नीट दाखवलें. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी गांवच्या राईची हकीकतही गाडगीळांनीं सांगितली आहे. ती राई तोडावयाचें घाटत असतां गांवकऱ्यांनीं खटपट करून ती वांचवली, कारण त्यांचें पाणी त्या राईवर अवलंबून होतें. देवी कोपेल ही भीति असेल. पण ओढा आटेल हें ज्ञानही त्या भीतीच्या पोटांत होतें.

आमच्या गांवीं मात्र भीति गेली आणि ज्ञान आलें नाहीं. आमच्या पिढीनें शिक्षण घेतलें, शिटी वाजवल्यानें कांहीं होत नाहीं हें पाहून घेतलें, आणि देवी कोपते या गोष्टीवर मुलांसमोर हंसूं लागलों. भीति गेली हें बरेंच झालें. तिच्याबद्दल हळहळ वाटण्याचें कारण नाहीं. परंतु ती जी चौकी देत होती ती उठली आणि तिच्या जागीं आम्हीं दुसरा पहारेकरी बसवला नाहीं. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हां कौलारू छपर जाऊन सिमेंटचा घुमट आला, घुमटापुढें सभामंडप आला, आणि मंडपासाठीं नऊ जुनीं झाडें गेलीं. त्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर आमच्याही घरचें नांव होतें.

याहून मोठी चूक तर सर्वस्वीं आमचीच. १९८६ सालीं आमच्या काकांच्या साठीशांतीच्या वेळीं, नुसता ब्राह्मणभोजनावर खर्च करण्यापेक्षां कांहीं लोकोपयोगी करावें असें घरांत ठरलें. काकांना झाडांची फार आवड. त्यांनीं राईच्या कडेच्या उघड्या पट्टींत चाळीस रोपें लावलीं, दोन उन्हाळे स्वतः कळशीनें पाणी घातलें, आणि एकही रोप मरूं दिलें नाहीं. तीं रोपें होतीं ऑस्ट्रेलियन अकेशियाचीं. त्या काळीं सर्वत्र तेंच झाड लावीत. तें जांभ्या दगडावरही भराभर वाढतें, आणि गुरें त्यास तोंड लावीत नाहींत म्हणून कुंपणाचा खर्च वांचतो. उत्साह मोठा आणि ज्ञान बेताचें, अशी आमची स्थिति होती. गुरें ज्याला तोंड लावीत नाहींत त्याला किडामुंगीही सहसा लावणार नाहीं, आणि जेथें कीड नाहीं तेथें पाखरानें यावें कशासाठीं, हा साधा हिशेब कोणाच्याही मनांत आला नाहीं. चाळीस वर्षांत तीं झाडें उंच झालीं. त्यांच्याखालीं न कुजणाऱ्या पानांचा जाड थर साचला. आणि त्यांचें बीं पडून राईच्या आंतपर्यंत नवीं रोपें उगवूं लागलीं.

जेथें जेथें उजेड पडला होता, म्हणजे मंडपाभोवतीं, रुंद केलेल्या वाटेच्या दुतर्फा, तेथें तेथें रानमोडी घुसली. ही अमेरिकेच्या उष्ण भागांतील वनस्पति एकोणिसाव्या शतकांत शोभेसाठीं म्हणून आपल्या देशांत आली. घाणेरी तिच्याही आधींची. रानमोडीस मार्गशीर्ष-पौषांत फिकट निळसर फुलें येतात, बियांना कापसासारखा तुरा असतो, आणि माघ-फाल्गुनाच्या वाऱ्यावर त्या कोठल्या कोठें जातात. उन्हाळ्यांत ती वाळून कोळ होते व एका काडीनें पेटते. आग विझली कीं स्थानिक रोपें मेलेलीं असतात आणि रानमोडी मात्र बुडख्यांतून पुन्हां फुटते. कुऱ्हाड घेऊन येणाऱ्या माणसास देवीची भीति घालतां येते. वाऱ्यावर येणाऱ्या बियाण्यास ती कशी घालणार?

२०२० सालच्या टाळेबंदींत आमचें घर कित्येक वर्षांनीं भरलें. एरवीं गणपतीस दोन दिवस येऊन जाणारीं पुण्यामुंबईचीं मुलें तीन-तीन महिने येथेंच राहिलीं. पंगतीस एकोणीस पानें होऊं लागलीं. त्या दिवसांत आमचा एक पुतण्या, जो अमेरिकेंत पोर्टलंड शहरीं असतो, दर रविवारीं दूरध्वनीवरून सर्वांशीं बोले. त्या शहराच्या अंगासच पांच हजार एकरांहून मोठें एक नागर वन आहे. १९४८ सालीं त्याची स्थापना झाली. बोलतां बोलतां तो म्हणाला कीं, टाळेबंदीपूर्वीं कित्येक शनिवार तो त्या वनांत वेल काढावयास जात असे. युरोपांतून आलेली आयव्ही नांवाची वेल तेथील जुन्या वृक्षांवर चढून त्यांचा श्वास कोंडते, आणि १९९४ पासून तेथें नागरिकांची संघटित मोहीम चालूं आहे. झाडावर चढलेली वेल ओढून काढावयाची नाहीं; खोडाभोवतीं छातीइतक्या उंचीवर तिचें कडें कापावयाचें, म्हणजे वरची आपोआप वाळते. जमिनीवरची मात्र मुळासकट उपटावयाची. वाटाही नागरिकच दुरुस्त करतात. पगार नाहीं, चहा-बिस्किटें मिळतात.

काकू जवळच वाती वळीत बसल्या होत्या. त्या नव्वदीच्या घरांत आलेल्या असल्या तरी ऐकूं चांगलें येतें. त्या म्हणाल्या, "अरे, रान उपटायला अमेरिकेला जायला कशाला हवें होतें? इथें राईंत माणसाच्या डोक्यावर रान गेलेंय."

कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकराजण राईकडे निघालों.

अडचण आली ती अनपेक्षित बाजूनें. गुरवमामांनीं वाटेवरच हटकलें. राईंतल्या काडीस हात लावावयाचा नाहीं हा नियम; मग उपटण्याची गोष्ट कशी बोलतां? आम्ही शहाणपणा सांगूं लागलों कीं, ही वनस्पति परदेशी आहे, ही देवीची नव्हे, वगैरे. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "अण्णा, सभामंडपाच्या वेळीं तुमचा हा नियम कुठें होता?" याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. शेवटीं या भागाच्या रिवाजाप्रमाणें देवीस कौल लावावा असें ठरलें. आमच्या पुण्याच्या मुलांना हें हास्यास्पद वाटलें. आम्हांस तसें वाटलें नाहीं. जी जागा साऱ्या गांवाची आहे तेथें आपण चार शिकलेलीं माणसें आपल्याच बुद्धीवर विसंबून हात घालणार असूं, तर मंडप बांधणाऱ्यांत आणि आपल्यांत फरक तो कोणता? कौल उजवा पडला. मात्र गुरवमामांनीं दोन अटी घातल्या: आंत लोखंड आणावयाचें नाहीं, आणि उपटलेलें कांहींही बाहेर न्यावयाचें नाहीं.

या दोन्ही अटींत केवढें शहाणपण होतें हें आम्हांस पुढें कळलें. लोखंड नाहीं म्हणजे विळा नाहीं. पहिल्या दिवशीं हळहळ वाटली. परंतु रानमोडी कापली तर बुडखा चौपट फुटतो, उपटावीच लागते, आणि आषाढ-श्रावणांत जमीन भिजून मऊ झालेली असतां ती नुसत्या हातानें येते. त्याच पट्टीच्या बाहेर, जेथें मुलांनीं हौसेनें विळे चालवले होते, तेथें पुढच्या वर्षीं पहिल्यापेक्षां दाट रान माजलें. दुसरी अटही तशीच. उपटलेलीं रोपें मुळें वर करून दगडावर किंवा तेथल्याच बुडख्यावर ठेवलीं कीं वाळतात, पावसांत कुजतात, आणि राईचें राईंतच राहतें. बाहेर ओढून नेतांना बीं सांडण्याचें भयही नाहीं. घाणेरीचें काम मात्र अवघड. तिचीं मुळें हातास दाद देत नाहींत. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनीं घाणेरीसाठीं एक युक्ति बसवली आहे: झुडूप जमिनीखालीं तीन-चार बोटें मुख्य मुळावर तोडावयाचें आणि उलटें करून ठेवावयाचें, म्हणजे पुन्हां फुटत नाहीं. आमच्या राईंत लोखंड चालत नसल्यानें तिला आम्ही कडेकडेनेंच, शिवेबाहेर, तोंड देतों.

तीन सकाळींत अकरा माणसांनीं जेमतेम दोन गुंठे मोकळे केले. हातांस फोड, पायांस जळवा. एका सुनेनें तर स्पष्टच विचारलें कीं, या गतीनें राई मोकळी व्हावयास किती जन्म लागतील? प्रश्न बरोबर होता. परंतु त्या दोन गुंठ्यांत आश्विन महिन्यांत जें पाहिलें त्यानें तीच सून पुढच्या वर्षीं सर्वांच्या आधीं तयार होऊन बसली. लावणी कांहींच केली नव्हती. तरी जांभळाचीं, किंजळीचीं, अंजनीचीं बोटबोटभर रोपें आपोआप वर आलीं होतीं. बीं तेथें पडतच होतें. त्यास फक्त उजेड मिळत नव्हता. आम्हीं त्या रोपांपाशीं पडलेल्या काड्या रोवून खुणा केल्या, कीं कोणाचा पाय पडूं नये. आमची लावणी एवढीच.

वृक्षारोपणाच्या छायाचित्रांनीं वृत्तपत्रें भरलेलीं असतात म्हणून हें जरा ठासून सांगतों. खड्डा खणून रोप लावणें हें या कामांतलें सर्वांत सोपें आणि बहुधा सर्वांत शेवटचें पाऊल आहे. आमची एक भाची कोथरूडास असते व वेताळ टेकडीवर काम करणाऱ्या मंडळींत जाते. २०२३ सालीं त्या टेकडीवरून रस्ता व बोगदे काढण्याच्या योजनेविरुद्ध पुणेकरांनीं मोर्चा काढला, त्यांतही ती होती. तिचें म्हणणें असें कीं, पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वीं उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्पाची जी अफाट लागवड झाली तिच्या दाटींत दुसरें कांहीं रुजत नाहीं. आणि आतां त्या चुकीवर उतारा म्हणून कांहीं उत्साही लोक जेथें मुळांतच गवताळ माळ आहे तेथेंही खड्डे खणून वड-पिंपळ लावतात. माळावरच्या चंडोलास वडाचें काय काम? गवत हें उजाड रान नव्हे, तें स्वतःच एक रान आहे. तेथील मंडळी उन्हाळ्यांत पाण्याचे डबे खांद्यावर घेऊन टेकडी चढतात, वणवा पसरूं नये म्हणून हिंवाळ्याच्या अखेरीस गवताच्या पट्ट्या मोकळ्या करतात, आणि रोज फिरावयास येणाऱ्या शेंकडों लोकांस नवीन नवीन वाटा पाडूं नका म्हणून विनवतात. हें शेवटचें काम सर्वांत कठीण, असें ती म्हणते.

वाटेची गोष्ट आमच्याकडेही तशीच. राईंत पूर्वीं एकच पायवाट होती, एका माणसाच्या रुंदीची. मंडपाच्या वेळीं ट्रॅक्टर जावा म्हणून ती दहा फूट झाली. वरून पाहिलें तर एवढ्यानें काय बिघडलें असें वाटेल. परंतु शेकरू, जी आपल्या महाराष्ट्राची राज्यप्राणी म्हणून मान्यता पावली आहे, ती सहसा जमिनीवर उतरत नाहीं. फांदीवरून फांदीवर जाते. माथ्यावरचा मांडव तुटला कीं तिचें राज्य दुभंगतें. शिवाय रुंद वाटेवरून पावसाचें पाणी ओढ्यासारखें धांवतें व माती नेतें. आम्हीं मूळची अरुंद वाट पुन्हां आंखून घेतली, उतारावर हातभर अंतरानें तिरपे दगड बसवले, कीं पाणी वाटेवरून न धांवतां बाजूस पाल्यांत जावें. उरलेल्या रुंदींत कांहीं केलें नाहीं. ती राईनें आपली आपण भरून काढण्यास सुरुवात केली आहे. पेव्हिंगचे ठोकळे घालून देतों असें सांगणारा एक दाता पुढें आला होता. त्यास नको म्हणणें हें सर्व रानमोडी उपटण्यापेक्षां अवघड गेलें.

पालापाचोळा झाडणें हीही आमच्या घरांतील एक हौस होती. सडासंमार्जनाची संवय जडलेल्या हातांस देवळाभोवतालचा पाला बघवत नाहीं. पूर्वीं उत्सवाच्या आधीं साऱ्या राईचा पाला झाडून पेटवीत, आणि त्यास स्वच्छता म्हणत. पाला हें रानाचें अन्न आहे. त्यांतच पाणी मुरतें, त्यांतच गोगलगाई-गांडुळें राहतात, आणि त्यांवर नवरंग पक्षी जगतो, जो मृगाच्या सुमारास या रानांत येऊन शीळ घालूं लागतो. आतां ओटा आणि पायऱ्या एवढेंच झाडतात. वठलेल्या किंजळीचें खोडही तसेंच उभें ठेवलें आहे. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलींत स्वतःस लिंपून घेते व एका फटींतून नर तिला आणि पिलांना चारा पुरवतो. ढोल्या जुन्या झाडांनाच असतात, रोपवाटिकेंत त्या मिळत नाहींत.

मुलांस एक वही करून दिली आहे. अंजनीस निळीं-जांभळीं फुलें कोणत्या दिवशीं आलीं, नवरंगाची शीळ प्रथम कोणीं ऐकली, ओढ्याचें पाणी कोणत्या दगडाशीं आहे, हें तींत लिहावयाचें. पत्रीच्या निमित्तानें काकूंना वनस्पति ओळखतां येतात; शाळेंत वनस्पतिशास्त्र शिकलेल्या नातवंडांपेक्षां अधिक. वहींतील निम्मीं नांवें त्यांनीं सांगितलेलीं आहेत. कायद्याच्या दृष्टीनेंही या वहीस मोल आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेस जैवविविधता समिति नेमून लोकांच्या माहितीवरून नोंदवही करावयास सांगितलें आहे. वाचकांनीं आपापल्या नगरपालिकेंत किंवा ग्रामपंचायतींत जाऊन ती समिति कोठें आहे आणि शेवटची कधीं बसली हें अवश्य विचारावें. याच कायद्याखालीं आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमाजवळील महादेवाच्या देवळाचा परिसर २०२१ सालीं वारसास्थळ झाला, कारण तेथील कुंडांत एक चिमुकला नवा मासा सांपडला व २०२० सालीं त्यास शास्त्रज्ञांनीं नदीचेंच नांव दिलें. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या पाण्यास नमस्कार करून गेले. मासा तेथेंच होता.

एक गोष्ट धोक्याची म्हणून सांगतों. २००२ नंतर कर्नाटकांतून या बाजूस हत्ती येऊं लागले आणि आजरा-चंदगडच्या रानांत त्यांचा वावर आहे; गव्यांचे कळप तर शेतांत नित्य येतात. म्हणून उन्हें उतरण्याच्या आंत राईंतून बाहेर पडावयाचें, मुलांस पुढें सोडावयाचें नाहीं, आणि ताजें लीद दिसलें तर त्या दिवसाचें काम बंद. लहानपणीं आम्हांस एकट्यानें राईंत जाण्यास जी बंदी होती तीच आतां आम्ही मुलांस करतों आणि त्यांस कारणही सांगतों.

गेल्या पावसाळ्यापर्यंत सुमारें एक एकर मोकळा झाला. गांवांतील दुसरींही कांहीं घरें आतां येतात. त्यांत निरनिराळ्या समाजांचीं आहेत, आणि राईंत गूळ-शेंगदाणे एकाच पानांतून खाल्ले जातात. कांहीं रविवारीं तीसजण असतात, कांहीं रविवारीं तिघेंच. एका वर्षीं लग्नाच्या गडबडींत श्रावण चुकला, आणि मोकळ्या केलेल्या भागांत पुन्हां कंबरभर रान आलें. तीन वर्षें सलग उपटल्याखेरीज रानमोडी हटत नाहीं, हें त्यावरून कळलें.

आणि काकांचीं झाडें. तीं अजून उभीं आहेत. त्यांचें काय करावयाचें हा प्रश्न आमच्या घरांत मोठ्यानें विचारण्यास कोणीच धजत नव्हतें. मुलें म्हणत, रोपें उपटून काय उपयोग, बीं वरून पडतच राहणार. तें खरेंच होतें. पण ज्या हातानें कळशी वाहिली होती तो हात आठवणारीं माणसें घरांत होतीं. गेल्या आषाढांत काकू म्हणाल्या, मलाही तेथें न्या. खुर्चींत बसवून दोघांनीं त्यांना राईच्या कडेपर्यंत नेलें. त्या बऱ्याच वेळ त्या उंच झाडांकडे पाहत होत्या. मग खालीं उगवलेलीं रोपें दाखवावयास सांगितलीं, पाटावर बसल्या, आणि हाताशीं येतील तेवढीं एक एक उपटून मुळें वर करून बाजूस रचूं लागल्या. सत्तावीस झालीं. "हीं सगळीं ह्यांचींच का रे?" त्यांनीं विचारलें. आम्हीं होय म्हटलें. थोड्या वेळानें म्हणाल्या, "मोठीं असूं द्यात मी आहे तोंवर. खालीं मात्र एकही ठेवूं नका."

त्याप्रमाणें चाललें आहे. त्या झाडांच्या पातळ सांवलींत मुलांनीं राईंतल्याच जांभळांच्या ताज्या बिया टोचल्या. जांभळाचें बीं ठेवून चालत नाहीं, फळ खाल्लें कीं लगेच पेरावें लागतें. पंधरा-सोळा रुजल्या आहेत. यंदा आषाढाच्या पहिल्या रविवारीं पुन्हां जावयाचें आहे. पुण्याचीं मुलें आदल्या रात्रीं येतात. काकूंनीं आपला पाट आतांच बाजूस काढून ठेवला आहे.